रोम ‘पाश्चात्य’ कधी झालं?

तुमच्या संशोधन आराखड्यात ‘ग्रीस-रोमपासून चालत आलेली पाश्चात्य संस्कृती’ असं काही लिहिलंय का? माझ्या पहिल्या आराखड्यात होतं. मार्गदर्शकांनी त्या ओळीखाली रेघ मारून विचारलं, “हे कुणी ठरवलं आणि कधी?” मला उत्तर देता आलं नाही. मग वाचलं नीशा मॅक स्वीनी यांचं ‘द वेस्ट’ (२०२३).

हेरोडोटसपासून आजपर्यंतच्या १४ जणांच्या आयुष्यांतून हे पुस्तक ‘पश्चिम’ या कल्पनेचा इतिहास तपासतं. रोमसाठी निवडलीय लिव्हिला, म्हणजे सम्राट ऑगस्टसच्या पत्नीची नात. मुद्दा असा, की हे राजघराणं आपलं मूळ ट्रॉयच्या एनियसपर्यंत नेत होतं. आणि ट्रॉय आजच्या तुर्कस्तानात आहे. म्हणजे आशियातलं मूळ लपवायची गरज त्यांना वाटत नव्हती, उलट ते मिरवलं जायचं.

याला आणखी पुरावे जोडता येतात. इ.स. १९३ मध्ये सम्राट झालेला सेप्टिमियस सेव्हेरस आजच्या लिबियातला. ३३० मध्ये कॉन्स्टन्टिनोपल राजधानी झाली आणि तिथले लोक १४५३ पर्यंत स्वतःला रोमनच म्हणवत राहिले. त्यांना ‘बायझन्टाइन’ हे नाव युरोपीय अभ्यासकांनी नंतर चिकटवलं. शहर जिंकल्यावर सुलतान मेहमदनेही ‘रोमचा कैसर’ ही पदवी घेतली. नुसत्या दाव्यावर वारस ठरवायचा, तर तोही रांगेत उभा आहे!

इथपर्यंत पुस्तक पटतं. माझी अडचण पुढे सुरू होते. प्रकरणं माणसांना मिळाल्यामुळे संस्था मागे पडतात. रोमन कायद्याचंच बघा. सम्राट जस्टिनियनने त्याचं संकलन करून घेतलं ५२९ ते ५३४ मध्ये, कॉन्स्टन्टिनोपलमध्ये. अकराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या बोलोन्यात त्याचा अभ्यास नव्याने सुरू झाला आणि तिथून तो युरोपच्या विद्यापीठांत, न्यायालयांत पसरला. हे सातत्य कुणाच्या कल्पनेतलं नाही. ‘वंशावळ खोटी’ एवढं सिद्ध केल्याने ‘काहीच पोचलं नाही’ असं ठरत नाही. पुस्तक तसा दावा करत नाही, पण घाईघाईत वाचणारा नेमका तोच निष्कर्ष काढून मोकळा होईल.

म्हणून ‘वारसा’ हा शब्द लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा : प्रत्यक्षात काय पोचलं, आणि ते आपलं म्हणून कुणी सांगितलं. पहिलीसाठी हस्तलिखितं, अभ्यासक्रम, निवाडे शोधावे लागतात. दुसरीसाठी भाषणं, पदव्या, पाठ्यपुस्तकं. साधनं वेगळी, पद्धतीही वेगळ्या.

माझं वाक्य आता असं आहे : ‘अकराव्या शतकाच्या अखेरीपासून बोलोन्यात जस्टिनियनच्या संहितेचा अभ्यास कसा झाला, हे या प्रबंधात पाहिलं आहे.’ पहिल्याइतकं भारदस्त नाही वाटत, मान्य. पण “कुणी, कधी?” असं विचारलं, तर आता माझ्याकडे उत्तर आहे.