‘रबर विद्युतरोधक असते’ हे वाक्य तपासून बघू

शहापूर-मुरबाडकडे आवणीच्या दिवसांत वाऱ्यापावसानं विजेची तार तुटून बांधावर पडली, की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘पायात गमबूट आहेत, मला काय होतंय!’ हा विश्वास शाळेतला आहे. रबर, लाकूड, प्लॅस्टिक एका रकान्यात. तांबं, लोखंड दुसऱ्या. जोड्या लावा, गुण घ्या.

माझी तक्रार या रकान्यांबद्दल आहे, कारण संशोधनाला येताना आपणही तेच डोक्यात घेऊन येतो.

शुद्ध नैसर्गिक रबराची रोधकता साधारण १०च्या तेराव्या घाताइतके ओहम-मीटर. पण बाजारातल्या काळ्या रबरात मजबुतीसाठी कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीच, घातलेली असते. कण थोडे असतील तोवर ते सुटे राहतात. प्रमाण वाढवत नेलं की एका टप्प्यावर कणाला कण लागून सलग वाट तयार होते आणि रोधकता एकदम कोसळते. याला परकोलेशन म्हणतात. त्याचं गणित ब्रॉडबेंट आणि हॅमर्सली यांनी १९५७ साली मांडलं. म्हणजे रबर दोन्ही रकान्यांत बसतं!

त्यात ते ताणलं की या वाटा तुटतात, रोध बदलतो, आणि सोडल्यावर लगेच पूर्वीइतका होत नाही. ताणमापक सेन्सरवरचे पेपर वाचताना इथं थांबा. पहिल्या ताणाचा आलेख देखणा असतो. हजाराव्या ताणाचा दिलाय का, ते बघा.

मी स्वतः पहिल्या वर्षी गमबुटाचा तुकडा मल्टिमीटरला लावला, ‘ओएल’ आलं, वहीत ‘रोधक’ लिहून मोकळा झालो. गाइडनी एवढंच विचारलं, ‘किती व्होल्टला?’ मल्टिमीटर लावतो जेमतेम काही व्होल्ट. उलट, आंतरराष्ट्रीय मानकातले ‘क्लास ०’ रबरी हातमोजे वापरायचे १००० व्होल्टपर्यंत, पण तपासतात ५००० व्होल्टला. तरीही घालण्याआधी दर वेळी हवा कोंडून भोक पडलंय का बघायचं. शेतातल्या साध्या गमबुटाला असली कुठलीच चाचणी नसते. आत शिरलेलं चिखलाचं पाणी वेगळंच. आणि गावाकडे येणारी लाइन असते ११,००० व्होल्टची.

तेव्हा वहीत नुसतं ‘रबर’ लिहू नका. कोणतं, काजळी किती, जाडी किती, ताण किती, व्होल्ट किती, कोरडं की ओलं, सगळं लिहा. बांधावरच्या त्या तारेपासून मात्र लांब राहायचं आणि १९१२ला फोन लावायचा.