शेवट कापलेली चित्रफीत

पुस्तकाचे परीक्षण करताना कर्ता कोण, काळ कोणता, हे विचारण्याचा शिरस्ता आहे. मोबाईलवर आलेल्या चित्रफितीला मात्र हे प्रश्न आपण विचारीत नाही. म्हणून एका छोट्याशा फितीचे हे उशिराचे परीक्षण.

२०१८ साली ती भारतभर फिरली. गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात, एका चिमुरड्याला उचलून पसार होतात. सोबत मजकूर : मुले पळविणारी टोळी आली आहे. वस्तुतः ही कराचीच्या ‘रोशनी हेल्पलाईन’ने पालकांना सावध करण्यासाठी केलेली फीत. मूळ कृतीत तेच दोघे परततात, मुलाला सुखरूप उतरवितात आणि मूल पळवायला क्षणच पुरतो, अशा आशयाचा फलक उलगडतात. सारा अर्थ त्या शेवटात होता आणि कोणीतरी नेमका तोच कापला. टेहळणीच्या कॅमेऱ्यातून टिपल्यासारखी तिची धाटणी. त्यामुळे तुकडाही पुराव्यासारखा भासतो. हा मोह मूळ कर्त्यांनी टाळला असता तर बरे झाले असते, असे आमचे मत.

त्याच वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. तेथेही अफवा मोबाईलवरूनच पसरली होती. पुढे त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा घातली.

अंजूरच्या आसपास गोदामांमुळे परप्रांतीय कामगारांची ये-जा असते. गेल्या पावसाळ्यात मिस्सानंतर एका माउलीने आम्हांला अशीच एक फीत दाखविली. हे लोक आपल्याच गोदामांत आहेत, असे खाली लिहिलेले. एका युवकाने त्यातील एक दृश्य थांबवून त्याचे चित्र गूगलवर शोधले. फीत जुनी, भलत्याच प्रांतातली निघाली. पाच मिनिटे लागली. माउली हिरमुसली, तिने ती घरच्या गटावर आधीच पाठविली होती.

वाचकहो, राईनपाड्यातील मारहाणीचेही चित्रण झाले आणि तेही गावोगाव फिरले. मरणाऱ्यांची ती असहायता जगापुढे मांडण्याची अनुमती त्यांच्या घरच्यांकडे कोणी मागितली होती? परीक्षण करावे अशी ती कृतीच नव्हे. तरीही ती आमच्याकडे आली तेव्हा पुसून टाकण्यापूर्वी आम्ही ती पाहिली. आणि शेवटपर्यंत पाहिली.