पोवाडा संपल्यावर

आमच्या मराठी वाङ्मयात वीररसाची वाण आहे, असे कोणी म्हणणार नाही. पोवाडे आहेत, बखरी आहेत, ऐतिहासिक कादंबऱ्या व नाटके आहेत. आणि अलीकडे या साऱ्यांची जागा घेऊ पाहणारे चित्रपटही आहेत. परंतु या अफाट संभारात एक वस्तू शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. ती वस्तू म्हणजे शिपायाचे घर. तो लढावयास गेला असता घरी काय चालले होते, तो परत आला किंवा आला नाही तेव्हा त्या घराचे काय झाले, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यासाठी काय केले, हे प्रश्न आमचे लेखक क्वचितच विचारतात. प्रस्तुत लेखात या उणिवेचा विचार करावयाचा आहे. त्यास निमित्त झाले ते मुळशी तालुक्यातील एका लहानशा समारंभाचे.

पौडच्या पलीकडील एका गावी सैन्यातून निवृत्त होऊन आलेल्या हवालदाराचा सत्कार होता. गावात पलटणीचे म्हणून हे एकच घर, असे मंडळींनी आम्हांस सांगितले व अध्यक्ष म्हणून आम्हांस नेले. फेटा झाला, शाल-श्रीफळ झाले, शाळेच्या मुलांचे लेझीम झाले. आम्ही पाऊण तास बोललो. पौड, मुठे व मोसे या खोऱ्यांतील मावळ्यांचे गुण गाइले, तानाजीची कथा सांगितली, टाळ्याही घेतल्या. चहाच्या वेळी, इतका वेळ मागे भिंतीशी बसलेली एक वृद्ध बाई प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद काढून पुढे आली. "दादा, एवढा कागद वाचून दावता का?" तिचा नवराही शिपाई होता, तो दीड वर्षापूर्वी वारला, हे आम्हांस तेव्हा कळले. कागद इंग्रजीत होता. आम्ही वरवर पाहिला, "हे पुण्याच्या कचेरीत दाखवा, आजी," असे म्हटले, आणि मोटार उभी होती म्हणून निघालो. पिरंगुटचा घाट उतरताना ध्यानात आले की पाऊण तास बोलावयास आम्हांस सवड होती, दहा मिनिटे वाचावयास नव्हती. शिवाय गावात पलटणीची घरे दोन होती आणि गावास एकच ठाऊक होते.

हा दोष आमचा एकट्याचा असता तर तो छापून वाचकांचा वेळ घेतला नसता. परंतु आम्ही त्या दिवशी जे भाषण केले ते आम्ही रचलेले नव्हते. ते आमच्या वाङ्मयाने आमच्या तोंडी घातलेले होते. म्हणून त्या वाङ्मयाकडेच वळणे प्राप्त आहे.

तानाजीचाच पोवाडा घ्या. शाहीर तुळशीदासाचा हा पोवाडा ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहामुळे सुशिक्षितांच्या हाती आला. ४ फेब्रुवारी १६७० च्या सिंहगडच्या प्रसंगावर पुढे हरिभाऊ आपट्यांनी कादंबरी लिहिली. या पोवाड्याविषयी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. शाहीर तानाजीची गाठ घालून देतो ती रणांगणावर नव्हे, उमरठच्या लग्नघरी. रायबाचे लग्न ठरलेले, वऱ्हाडाची तयारी चाललेली, अशा वेळी महाराजांचे बोलावणे येते. अर्थात् घर सोडून जाणे हा या काव्याचा पायाच आहे. तानाजी पडल्यावर महाराजांनी रायबाचे लग्न स्वतः लावून दिले, ही आठवणही परंपरेने जपली आहे. म्हणजे शाहिराला घराचा विसर पडला नव्हता. विसर पडला तो आम्हां व्याख्यात्यांस. आम्ही लग्न पुढे ढकलणाऱ्या बाण्याची वाहवा करितो, दोर कापल्याचे सांगून श्रोत्यांच्या अंगावर काटा आणितो, आणि लग्न शेवटी लाविले कोणी, हे सांगण्यापूर्वीच खाली बसतो.

याहून बोलके उदाहरण सभासदाच्या बखरीचे आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने ही बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिली. १६५९ सालच्या अफजलखानाच्या प्रसंगानंतर महाराजांनी काय केले, हे तो दोनचार वाक्यांत सांगून मोकळा होतो: जे पडले त्यांच्या पुत्रांस चाकरीत घेऊन चालविले, ज्यांस पुत्र नव्हते त्यांच्या बायकांस निमे वेतन बांधून दिले, जखमी झाले त्यांस जखम पाहून पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली. या मजकुरात एकही अलंकार नाही. आमच्या मते मराठी वीरवाङ्मयातील हा एक अत्युत्कृष्ट उतारा आहे. जखमेजखमेत भेद करावयाचा तर प्रत्येक जखम कोणी तरी पाहिली पाहिजे. पुत्र आहे की नाही हे ठरवावयाचे तर प्रत्येक घरी कोणी तरी विचारपूस केली पाहिजे. या हिशेबी वाक्यांमागे दारोदार गेलेली माणसे उभी आहेत. गौरव करणारा शिपायांचा समुदाय पाहतो. कारकून एकेक आसामी पाहतो. येथे कारकुनाची दृष्टी अधिक माणुसकीची ठरली आहे.

आता ज्या मुळशीने हा प्रश्न आमच्यापुढे टाकिला तिच्याकडे पाहू. या खोऱ्याची तीन चित्रे आमच्या मनात आहेत. पहिले मावळ्याचे. दुसरे सत्याग्रहीचे: टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी रामनवमीस येथे सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले, आणि अखेर गावे व भातखाचरे पाण्याखाली गेली. तिसरे चित्र ताजे आहे: प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न' या २०१८ सालच्या चित्रपटाने रंगविलेला, जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याचा वाट चुकलेला मुलगा. ही तिन्ही चित्रे खरी आहेत. परंतु ट्रंक घेऊन एस. टी. तून पौडला उतरणारा, पस्तिशी-चाळिशीतला, पंधरा-वीस वर्षांची नोकरी करून आलेला शिपाई यांपैकी एकाही चित्रात नाही. त्याच्या मागे अर्धे आयुष्य आहे आणि पुढेही अर्धे आहे. गावची भावकी त्याच्यावाचून चालावयास शिकलेली आहे. मुले त्यास सुटीवर येणारा पाहुणा म्हणून ओळखतात. बायकोने एकटीने घर चालविले आहे व आता तिने ते अधिकार परत करावे अशी सर्वांची अपेक्षा आहे. पुढे तो बहुधा एखाद्या कंपनीच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहतो. यात एका कादंबरीस पुरून उरेल एवढा विषय आहे.

तालुक्याच्या पश्चिमेस ताम्हिणी घाट उतरून गेले की माणगाव लागते. तेथे यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पाचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनचा हा नाईक, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी पडला व त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतील माँतोने या गावी २०२३ साली त्याच्या नावे एक छायाघड्याळ उभारण्यात आले. परक्या गावाने एवढी आठवण ठेविली ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्या तरुण नाइकाच्या विधवेने पुढील वर्षे कशी काढिली असतील, यावर कल्पना चालविणारी एकही मराठी कथा आमच्या वाचनात आलेली नाही. शिपायाच्या स्वतःच्या शब्दांचीही हीच कथा. पहिल्या महायुद्धात हिंदी शिपायांनी घरी धाडिलेली पत्रे सरकारी तपासनीस उघडीत व त्यांतील निवडक उतारे इंग्रजीत करून ठेवीत. आज अभ्यासकांच्या हाती आहेत ते बहुतांशी हे उतारे; मूळ पत्रे नव्हेत. शिपायाचे घरगुती बोलणे असे परभाषेत, परक्याच्या गरजेपुरते उरले.

ते बोलणे ऐकू यावे अशी एक जागा मात्र याच तालुक्यात आहे. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनी ज्या जात्यावरच्या ओव्या गोळा करविल्या, त्यांची संख्या लाखावर गेली. त्यांतील कित्येक मुळशीच्या डोंगरी गावांतील बायकांनी गाइलेल्या आहेत. पोवाडा जाणाऱ्याचा आहे. ओवी वाट पाहणारीची आहे. ज्यास शिपायाच्या घरावर लिहावयाचे असेल त्याने शाहिराबरोबर या बायकांपाशीही बसावे. वीरमाता अनुराधा गोरे यांच्यासारख्या लेखिकांनी हुतात्म्यांविषयी आस्थेने लिहिले आहे, हे नमूद केलेच पाहिजे. परंतु अशी नावे बोटांवर मोजण्याइतकी निघतात.

येथे कोणी आक्षेप घेईल की, घरांची व्यवस्था लावणे हे सरकारचे काम. वाङ्मयाने अर्ज का लिहावे? व्यवस्था नाही असे आमचे म्हणणे मुळीच नाही. उलट, या बाबतीत पुणे जिल्हा भाग्यवान आहे. अपंग शिपायांस धंदेशिक्षण देणारी, १९१७ साली मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरी संस्था आज खडकीस आहे. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून पुण्यात आहे. कण्याच्या दुखापतीने पांगळे झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून खडकीस आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, सैनिकांच्या मुलांसाठी वसतिगृहे आहेत, माजी सैनिकांस काम मिळवून देणारे महामंडळ आहे. युद्धात पडलेल्याच्या पत्नीस आज अखेरच्या वेतनाइतके कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. सभासदाच्या निम्म्या वेतनाहून हे पुढचे पाऊल आहे. कायदा तोकडा नाही. तोकडी आहे ती कायद्यापासून उंबरठ्यापर्यंतची वाट. लग्नात नाव बदललेल्या बाईचे पलटणीच्या दफ्तरात एक नाव व आधार कार्डावर दुसरे, एवढ्यावर ही वाट अडते. आणि येथेच शेजारधर्माचे काम सुरू होते. ज्या गावात घरोघर शिपाई आहेत तेथे कोणता कागद कोठे न्यावा हे शेजारीण सांगते. जेथे असे एखाद-दुसरेच घर आहे तेथे सांगणारे कोणी नसते.

हे काम पुढे वाढणारच आहे. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत तरुण चार वर्षांसाठी घेतले जातात. त्यांतील फार तर चतुर्थांश पुढे कायम होतात. बाकीचे ठरलेली रक्कम घेऊन, निवृत्तिवेतनावाचून, ऐन पंचविशीच्या आतबाहेर घरी येतात. त्यांच्यासाठी आम्ही कोणते शब्द तयार ठेविले आहेत? केवळ फेट्याचे असतील तर ते दुसऱ्या दिवशी पुरत नाहीत.

वाङ्मयाने अर्ज लिहावे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु समाज कोणास पाहतो, हे पुष्कळ अंशी त्याचे वाङ्मय ठरविते. ज्या गावाने पलटणीच्या विधवेची एक तरी गोष्ट वाचली आहे, ते गाव दुसरे घर मोजावयास विसरणार नाही. म्हणून लेखकांस आमची विनंती एवढीच की, परतीच्या वाटेवरचा शिपाई व त्याचा उंबरठा यांकडे त्यांनी पाहावे. वाचकांस विनंती आणखी लहान आहे. ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून पाळिला जातो. त्या दिवशी छातीवर निशाण लावणे योग्यच आहे. परंतु ज्यांस इंग्रजी कागद वाचता येतो त्यांनी महिन्यातून एक सकाळ गावच्या वाचनालयात वा चावडीवर बसावे. महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांस तेथे पाठवावे. त्यांनी अर्ज भरून द्यावे, आणि भरता भरता त्या घरांच्या हकीकती त्यांच्याच बोलीत उतरून घ्याव्या. पुढील कादंबरीकाराचे दफ्तर तेच होईल.

पंधरा दिवसांनी आम्ही त्या गावी पुन्हा गेलो. आजी घरी नव्हती. सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी त्या हवालदाराने तिचा कागद वाचला होता. दोन्ही नावांची बाई एकच, अशा प्रतिज्ञापत्राची व काही दाखल्यांची त्यात मागणी होती. चौदा महिने तो पिशवीत पडून होता. त्या दिवशी तो तिला घेऊन पुण्याच्या कचेरीत गेला होता. ज्यास आम्ही आधाराचे पात्र समजून शाल पांघरून आलो, तोच गावात पहिला आधार देणारा निघाला. त्याची पत्नी म्हणाली, "बसा, येतील संध्याकाळच्या गाडीनं." आम्ही बसलो. त्या दिवशी आम्हांस परतण्याची घाई नव्हती.