मातीची साक्ष

उत्तर अमेरिकेतील मातीच्या प्राचीन टेकाडांविषयीचे लेखन वाचताना मला एक गोष्ट सतत खटकत आली. ‘ही कोणी रचली?’ याचे उत्तर देण्याची तिथे घाई झाली, ‘कशी रचली?’ हे मातीला विचारायचे मात्र राहून गेले.

थॉमस जेफरसन हा अपवाद. अठराव्या शतकात व्हर्जिनियातील एक टेकाड खणून त्याने थर तपासले, कोणत्या थरात अस्थी कशा आहेत ते टिपले आणि आदिवासी तिथे येऊन शोक करीत, हेही नोंदवले. पुढे ही सावधगिरी सुटली. विल्यम कलन ब्रायंटने १८३२ साली इलिनॉय पाहिल्यावर ‘द प्रेअरीज’ ही कविता लिहिली. टेकाडे रचणारी एक लुप्त, सुसंस्कृत जमात त्याने कल्पिली आणि तिचा संहार आदिवासींच्या माथी मारला. कविता देखणी आहे. पण आदिवासींना मिसिसिपीपलीकडे हुसकावण्याचा कायदा १८३०चा, हे विसरून ती मला वाचता येत नाही. ज्यांची जमीन घ्यायची, तेच उपरे ठरले की मनाला टोचणी लागत नाही. सायरस थॉमस यांच्या १८९४च्या अहवालाने ही दंतकथा मोडीत काढली. टेकाडे आदिवासींच्याच पूर्वजांची ठरली.

तरी एक गृहीत उरलेच: शेती, कोठारे आणि राजा असल्याशिवाय एवढे काम होत नाही. लुइझियानातील पॉव्हर्टी पॉइंट इथे आडवे येते. तिथले सर्वांत मोठे टेकाड सुमारे २२ मीटर उंच. त्यात अंदाजे २,३८,००० घनमीटर माती, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ८४,००० ब्रास. ती वाहणारे लोक शिकार, मासेमारी आणि कंदफळांवर जगणारे होते. अँथनी ऑर्टमन आणि ट्रिस्ट्राम किडर यांनी या भरावाचे थर तपासले. पाऊस तिथे मुबलक. तरीही थरांमध्ये पावसाने धुपल्याच्या, गवत उगवल्याच्या वा गांडुळांनी माती पोखरल्याच्या खुणा सापडल्या नाहीत. काम फार तर तीन महिन्यांत उरकले असावे, असा त्यांचा २०१३चा निष्कर्ष.

या वेगावरून कोणी बलाढ्य सत्ताधीश कल्पू लागला, तर मी त्यालाही ब्रायंटच्याच पंगतीला बसवीन. त्या थरांवरून कळते ते इतकेच, की पुष्कळ माणसे एकत्र आली आणि काम न थांबवता माती वाहत राहिली. त्यांना कोणी हुकूम दिला होता की ती आपखुशीने आली होती, हे माती सांगत नाही. समीक्षकानेही ते तिच्या तोंडी घालू नये.