प्रोग रॉकचे पाठभेद

प्रोग्रेसिव्ह रॉकचे चार दर्दी एकत्र आले की बोलणं फार लवकर एका प्रश्नावर येऊन ठेपतं: कोणतं मिक्स? येसचा ‘क्लोज टू द एज’ हा थोर अल्बम आहे की नाही, यावर १९७२ पासून पुरेसं बोलून झालेलं आहे. आता वाद होतो तो ध्वनिमुद्रक एडी ऑफर्डच्या हाताखाली तयार झालेलं मूळ मिक्स सरस की संगीतकार स्टीव्हन विल्सनने २०१३ मध्ये केलेलं, यावर. आणि तीच रचना कोणत्या रात्री, कोणत्या गावी जास्त खुलली, यावर. बाहेरच्या माणसाला हा निव्वळ छंदिष्टपणा वाटतो. मला मात्र यात एका कलेकडे पाहण्याची शिस्त दिसते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा हजाराहून अधिक हस्तलिखितं विचारात घेतली, एक पाठ पानावर छापला आणि बाकीचे पाठभेद त्याच पानाच्या तळाशी राखून ठेवले. वाचकाला संपादकाचा निर्णय पटला नाही, तर तो मोडून पाहण्याची सोय तिथेच होती. अभिजात अल्बमच्या रिमिक्सलाही मी हीच कसोटी लावतो. नवा पाठ दिलात, पण जुना हाताशी ठेवलात का? कुठे, काय बदललंत, ते सांगितलंत का? आज या क्षेत्रात जे चाललं आहे त्यातलं उत्तम आणि वाईट या दोन प्रश्नांनीच वेगळं करता येतं. ध्वनी किती स्वच्छ आहे, हा त्यानंतरचा प्रश्न.

इथे रिमिक्स म्हणजे जुन्या गाण्याला नाचाचा ठेका जोडणं नव्हे. स्टुडिओत प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेतलेलं असतं. त्या मूळ मल्टिट्रॅक फितींपासून पुन्हा दोन स्पीकरांचं, किंवा श्रोत्याच्या भोवती फिरणारं, नवं मिश्रण उभं करणं म्हणजे रिमिक्स. किंग क्रिमसनचा ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’ १९६९ मध्ये आठ ट्रॅकवर रेकॉर्ड झाला. मेलोट्रॉनचे थर, बासरी, सॅक्सोफोन, गिटारी हे सगळं आठांत मावणारं नव्हतं. मग भरलेले ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या फितीवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी पुढची वाद्यं घ्यायची. अशा प्रत्येक उतरवणीत आवाजाची एक पिढी खर्ची पडते, फितीची सरसर वाढते, झांजांची धार जाते. २००९ मध्ये विल्सनच्या हाती त्या उतरवणीच्या आधीच्या फिती आल्या आणि त्याने त्या संगणकावर एकमेकींशी जुळवल्या. म्हणजे १९६९ साली स्टुडिओतल्या माणसांना शेवटचं मिक्स करताना जे आवाज तितके निर्मळ मिळालेच नव्हते, ते त्याला मिळाले. त्याची कामाची पद्धतही लक्षात घेण्यासारखी आहे. तो आधी जुनं मिक्स तुकड्यातुकड्याने ऐकून त्याची नक्कल करतो: कोणतं वाद्य डावीकडे, कुठे किती प्रतिध्वनी, कुठे आवाज हळूच खाली घेतला आहे. ही नक्कल साधल्यावर मगच तो सफाईकडे वळतो. आणि अशा रिमिक्सच्या संचांत बहुतेक वेळा मूळ मिक्सही, त्याला हात न लावता, सोबत दिलेलं असतं. तळटीप म्हणतात ती हीच.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हलका नाही. कलाकारांनी त्या काळी जे पसंत केलं तेच अंतिम. पन्नास वर्षांनी दुसऱ्याने त्याला हात लावायचं कारण काय? या आक्षेपातला खरा भाग असा, की संगणकाने फेडर, म्हणजे आवाजाच्या सरकत्या खुंट्या, हलवण्याआधीच्या काळातलं मिक्स हे स्वतःच एक वादन होतं. कन्सोलपाशी तीन-चार जण उभे राहत, ठरलेल्या क्षणी आपापला फेडर सरकवत. एखादा तुकडा जमला की पुढचा. ‘क्लोज टू द एज’सारखी अठरा मिनिटांची रचना अशीच तुकड्यांनी बांधली गेली आणि फिती ब्लेडने कापून जोडल्या गेल्या. ते हात आता परत मिळणार नाहीत. त्या रचनेची सुरुवात दोन्ही मिक्समध्ये एकापाठोपाठ ऐकावी. पक्ष्यांचे आणि पाण्याचे आवाज सरतात आणि वाद्यवृंद अचानक कोसळतो. ऑफर्डच्या मिक्समध्ये गिटार, बास, ड्रम एका लोंढ्यासारखे अंगावर येतात. कोण काय वाजवतंय हे कळायच्या आत श्रोता वाहून गेलेला असतो. विल्सनच्या मिक्समध्ये ख्रिस स्क्वायरच्या बासची ओळ धरून चालत राहता येतं, स्टीव्ह हाऊची गिटार तिच्यापासून सुटी उभी राहते. कळतं जास्त, पण तो मूळचा धक्का ओसरतो. माझा कौल इथे मूळ मिक्सला आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तेच द्यावं आणि विल्सनचं त्याने दहाव्यांदा ऐकताना जवळ घ्यावं.

पण हाच नियम सगळीकडे लावता येत नाही. जेथ्रो टलचा ‘अ‍ॅक्वालंग’ (१९७१) लंडनच्या बेसिंग स्ट्रीटवर एका जुन्या चर्चमध्ये नव्याने थाटलेल्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला, आणि त्या रेकॉर्डचा दबका, कोरडा आवाज टलच्या चाहत्यांना कायम खुपत आला. २०११ च्या रिमिक्समध्ये गाणी तीच, वादन तेच, पण मार्टिन बारच्या गिटारला वजन आलं आणि गायक इयन अँडरसनचा आवाज पडद्यामागून पुढे आला. इथे मी नवख्याला निःशंकपणे नवी आवृत्ती देईन. किंग क्रिमसनच्या ‘लिझर्ड’ची (१९७०) गोष्ट याहून बोलकी आहे. स्वतः रॉबर्ट फ्रिपला तो अल्बम वर्षानुवर्षं आवडत नव्हता. विल्सनने वाद्यं सुटी करून मांडल्यावर त्याचं मत बदललं. ज्याने ते संगीत रचलं त्यालाच जुन्या मिक्सच्या गर्दीत ते सापडत नव्हतं, हे ध्यानात घेतलं तर ‘कलाकाराने पसंत केलं ते अंतिम’ हा युक्तिवाद बराच सैल पडतो.

खरी चूक होते ती जुना पाठ काढून घेतल्यावर. जेनेसिसच्या सत्तरच्या दशकातल्या अल्बमची नवी मिक्स २००७-०८ मध्ये निक डेव्हिसने केली. त्यांत काही जागी सुंदर तपशील वर आले, पण एकूण पातळी इतकी चढवून ठेवली की हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर आकसलं. आणि जेनेसिसचं सगळं नाट्यच त्या अंतरावर उभं आहे. हेही सोसलं असतं. पण नव्या सीडी घ्यायच्या तर बराच काळ हीच मिक्स हाती पडत. तळटीपाच छाटून टाकल्यावर संपादकाशी भांडायचं कशाच्या आधाराने? रशच्या ‘व्हेपर ट्रेल्स’चं (२००२) नवं मिक्स २०१३ मध्ये आलं, ते मात्र वेगळं, तिथे मूळ ध्वनीच अति चढवल्यामुळे फाटलेला होता आणि दुरुस्ती अटळ होती. पिंक फ्लॉइडच्या ‘अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन’मध्ये (१९८७) निक मेसनचे ड्रम नव्याने वाजवून आणि रिक राइटचे कीबोर्ड नंतरच्या मैफलींमधून आणून २०१९ ची आवृत्ती सजवली गेली. ऐकायला ती अधिक ऊबदार आहे, पण ते रिमिक्स नाही, अर्धं पुनर्लेखन आहे.

या बाबतीत मला सर्वांत जास्त खटकतो तो जेनेसिसचा १९९८ चा जुन्या ध्वनिमुद्रणांचा संच. त्यात ‘द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ची २४ जानेवारी १९७५ ची लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममधली मैफल आहे. पीटर गॅब्रिएल त्या दौऱ्यात अवजड वेश चढवून गात असे, मायक्रोफोन तोंडाशी नीट येत नसे, म्हणून पुष्कळसं गाणं त्याने नव्वदच्या दशकात पुन्हा गाऊन भरलं. म्हणजे चोवीस वर्षांच्या मुलाच्या मैफलीत चाळिशी उलटलेल्या माणसाचा गळा. त्या दौऱ्याचं सलग, पूर्ण चित्रीकरण उपलब्ध नाही, त्यामुळे ध्वनिफीत हाच मुख्य पुरावा आहे. त्या वेशातून घुसमटत येणारा आवाज हा त्या प्रयोगाचा भागच होता. तो पुसायचा अधिकार गॅब्रिएलला कायद्याने असेल. रसिकांचं नुकसान त्याने कमी होत नाही.

मैफलींच्या फितींना मी पुरावा म्हणतो ते विचारपूर्वक. प्रोग रॉकबद्दल एक रूढ समज आहे: हे स्टुडिओत रचलेलं, कागदावर आखलेलं संगीत, आणि मंचावर त्याची बरहुकूम उजळणी होते. फिती याच्या उलट साक्ष देतात. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मार्च १९७३ मध्ये बाजारात आला, पण फ्लॉइड तो जानेवारी १९७२ पासून, ब्रायटनपासून, मंचावर वाजवत होते. जिथे पुढे ‘ऑन द रन’मधला सिंथेसायझरचा गरगरता धावा आला, तिथे तेव्हा गिटार आणि कीबोर्डची मोकळी उपज होती; जिथे क्लेअर टोरीचा आलाप आला, तिथे ऑर्गन आणि बोललेले उतारे होते. अल्बम हा वर्षभर श्रोत्यांसमोर घडत गेलेल्या रचनेचा एक टप्पा आहे.

किंग क्रिमसनचा ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’ (१९७४) तर याहून पुढे जातो. स्टुडिओ अल्बम म्हणून विकल्या गेलेल्या त्या तबकडीचा बराच भाग मैफलींत रेकॉर्ड झालेला आहे. टाळ्या काढून टाकलेल्या. त्यातलं ‘ट्रायो’ हे २३ नोव्हेंबर १९७३ ला अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊमध्ये तिथल्या तिथे सुचलेलं वादन आहे: डेव्हिड क्रॉसचं व्हायोलिन, जॉन वेटनचा बास, फ्रिपचा मेलोट्रॉन. ड्रमवर बसलेल्या बिल ब्रुफर्डला कळलं की इथे आपली गरज नाही. त्याने काठ्या छातीशी धरल्या आणि अखेरपर्यंत एकही ठोका दिला नाही. फ्रिपने त्या रचनेच्या श्रेयात ब्रुफर्डचं नाव घातलं, आणि ते रास्त आहे, कारण त्या तुकड्याचा तोल त्याच्या न वाजवण्यावर उभा आहे. अल्बमवर ‘ट्रायो’ ऐकताना ही शांतता नुसती मांडणी वाटते. ती संपूर्ण मैफल १९९७ मध्ये ‘द नाइट वॉच’ या नावाने निघाली. आधीच्या वादळी वादनानंतर ‘ट्रायो’ येतं तेव्हा ध्यानात येतं की एका तडाखेबंद ड्रमरने भर मंचावर घेतलेला तो निर्णय होता. असं काही ऐकायला मिळत असेल, तर जुन्या मैफलींच्या फिती काढणं ही जादा कमाई नव्हे, तो समीक्षेचा कच्चा माल आहे.

याच न्यायाने मला पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वेअर हिअर’च्या पन्नाशीनिमित्त २०२५ मध्ये झालेली एक गोष्ट मोलाची वाटते. माइक मिलर्ड नावाच्या श्रोत्याने २६ एप्रिल १९७५ ला लॉस एंजेलिसच्या मैफलीत चोरून टेप केलेलं वादन विल्सनकडून साफ करून घेऊन अधिकृत संचात घातलं गेलं. ज्याला दारावर पकडलं असतं तर बाहेर काढलं असतं, त्याची फीत आता कंपनीच्या वेष्टनात आहे. तो अल्बम निघायला तेव्हा अजून काही महिने होते, आणि पुढे ‘अ‍ॅनिमल्स’मध्ये ‘शीप’ आणि ‘डॉग्स’ झालेल्या रचना त्या रात्री वेगळ्या नावांनी, वेगळ्या शब्दांत वाजल्या. श्रोत्यांनी जपलं नसतं तर हा पाठ इतक्या चांगल्या रूपात उरलाच नसता.

दुसरा आक्षेप पैशाचा. किंग क्रिमसनचा सत्तावीस तबकड्यांचा ‘स्टारलेस’ संच कोण विकत घेणार? पन्नाशी-साठीचे, हाती पैसा असलेले श्रोते. तोच अल्बम पाचव्यांदा विकणं ही लूट आहे, असं म्हणणाऱ्यांशी मी अर्धा सहमत आहे. रंगीत पुस्तिका, तिकिटांच्या प्रतिकृती, पोस्टर यांनी फुगवलेल्या खोक्यांचा मलाही राग येतो. पण फिती बिघडतात. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या काही फितींचा लेप ओल धरून चिकट होतो. त्या मंद उष्णतेत तापवल्याशिवाय वाजवताही येत नाहीत. संच विकायचा म्हणून का होईना, त्या शोधून संगणकावर उतरवल्या गेल्या. विक्रीचं निमित्त नसतं तर त्या गोदामात चिकटून राहिल्या असत्या. आणि हे उशिरा केल्याची किंमतही दिसते: जेंटल जायंटच्या पहिल्या तीन अल्बममधून २०१७ मध्ये ‘थ्री पीस स्वीट’ निघाला, त्यात मल्टिट्रॅक सापडली तेवढीच गाणी आहेत. बाकीची सापडली नाहीत.

भूतकाळात रमल्याने नवं संगीत उपाशी राहतं, हाही आरोप आहे. पुरावा मला तसा दिसत नाही. २००९ च्या डिसेंबरमध्ये आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोत पॉर्क्युपाइन ट्रीसोबत आणि २०१६ मध्ये पुण्याच्या एनएच-सेव्हन वीकेंडरमध्ये स्वतःच्या वाद्यवृंदासोबत विल्सन आपल्याकडे वाजवून गेला, तो मुळात नव्या रचनांचा कलाकार म्हणून. ‘द रेव्हन दॅट रिफ्यूज्ड टू सिंग’ (२०१३) त्याने अ‍ॅलन पार्सन्सला ध्वनिमुद्रणाला बसवून केला. २०२५ चा ‘द ओव्हरव्ह्यू’ दोनच प्रदीर्घ रचनांचा आहे. जुन्या मिक्सची नक्कल करता करता तो जे शिकला, ते या कामात उतरलेलं ऐकू येतं. मंचावरही हेच. २०१४ ते २०२१ या काळात किंग क्रिमसनने तीन ड्रमर मंचाच्या अगदी पुढच्या ओळीत बसवून जुन्या रचना नव्याने बांधल्या. ब्रुफर्डचा एकेक ठोका तिघांत वाटला गेला आणि ‘स्टारलेस’ ही रचना पुन्हा जोखमीची झाली. याच्या तुलनेत मूळ रेकॉर्डची हुबेहूब प्रत मंचावर सादर करणारे दौरे मला निस्तेज वाटतात, मग त्यांत किती का मूळ सभासद असेनात.

आता नवी अडचण दाराशी उभी आहे. एकत्र मिसळून गेलेल्या आवाजांतून वाद्यं पुन्हा सुटी करणारी सॉफ्टवेअर आली आहेत. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’चं २०२२ चं मिक्स त्यांच्याच जोरावर झालं. हरवलेल्या मल्टिट्रॅकच्या जागी आता यंत्राचा अंदाज बसवता येईल आणि जेंटल जायंटची राहिलेली गाणीही कदाचित उघडता येतील. मला ती ऐकायला आवडतील. पण कुठे खरी फीत आहे आणि कुठे यंत्राने काढलेला आवाज, हे वेष्टनावर लिहिलेलंच असलं पाहिजे. आजच स्ट्रीमिंगवर एखादा अल्बम उघडला तर हे मूळ मिक्स आहे की नंतरचं, आणि नंतरचं असेल तर कोणाचं, हे बऱ्याचदा कळत नाही. ज्या कंपन्या सत्तावीस तबकड्यांवर बारीक अक्षरांत प्रत्येक मैफलीची तारीख छापतात, त्यांनी गाण्याच्या नावाखाली मिक्स करणाऱ्याचं नाव आणि साल अशी एक ओळ देणं अवघड नाही. ती ओळ त्यांच्याकडून हट्टाने मागून घेण्याचं काम कोणतं मिक्स म्हणून भांडणाऱ्या याच श्रोत्यांना करावं लागेल.