सुबाभळीतला ‘सु’

लालबागच्या एका बंद गिरणीच्या भिंतीवरून सुबाभळीच्या चपट्या, तपकिरी शेंगांचे झुबके रस्त्यावर लोंबतात. तिथे ती कोणी लावलेली नाही. या झाडावरचे एक जुने पुस्तक मला फाउंटनच्या पदपथावर मिळाले. वॉशिंग्टनच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने ते १९७७ साली काढले. शीर्षकातच झाडाला ‘आश्वासक’ म्हटले आहे. चारा, सरपण, खत, लाकूड : एका झाडाकडून इतके मागणारे पुस्तक मी दुसरे वाचलेले नाही.

तरीही माझा आक्षेप पुस्तकावर कमी आणि आपल्या वाचण्यावर जास्त आहे. पुस्तकाने हवाई, साल्वादोर आणि पेरू असे तीन प्रकार वेगळे काढले आहेत. त्यातला ‘हवाई’ प्रकार बुटका, झुडपी. आपल्याकडे ‘हवाईयन जायंट’ म्हणून गाजला तो मात्र साल्वादोर प्रकारचा उंच वाण. सत्तरच्या दशकात मणिभाई देसाईंच्या ‘बाएफ’ने उरुळीकांचनहून तो कोरडवाहू शेतकऱ्यांपर्यंत नेला. हेतू निर्मळ होता. शेळ्यांना पाला मिळालाही. पण सगळे प्रकार एकाच नावाखाली गेले, आणि त्या नावाला परीक्षेआधीच ‘सु’ लागला.

देशी बाभळीच्या बाबतीत मराठी इतकी घाईत नव्हती. खराट्यासारखी सरळ वाढणारी ती रामकाठी. शिवाय तेलिया आहे, वेडी आहे. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात (१९०१–०८) ‘वेडी’ लॅटिन होऊन ‘वेदियाना’ झाली. एकाच जातीच्या पोटातले वेगळेपण शास्त्राने इथे गावाकडून घेतले.

सुबाभूळ मूळची मेक्सिकोकडची. तिथल्या वाहाका प्रांताचे नावच तिच्या गोतातल्या झाडांवरून पडले आहे. स्पॅनिश जहाजांतून ती फिलिपिन्सला गेली आणि पुढे उष्ण प्रदेशांत पसरली. तिच्यात स्वतःच्याच परागाने बी धरते. त्यामुळे मूठभर बियांपासून झालेली हजारो झाडे आतून जवळजवळ एकसारखी असतात. १९८४ साली कोवळे शेंडे शोषणारा सिलिड हा बारीक किडा हवाईत पोहोचला. १९८८पर्यंत तो भारतात आला. एका झाडाला जे बाधते ते शेजारच्यालाही बाधणारच. या किडीला दाद न देणारी तिची भावंडे, पॅलिडा आणि कोलिन्सी यांसारख्या जाती, मेक्सिको-ग्वाटेमालाकडे होती. आपल्या बांधांवर ती नव्हती.

किडा नेमका जो शेंडा खातो, तोच उन्हाळ्यात शेळीच्या तोंडी जायचा असतो. ज्याच्याकडे दोन एकर माळ आणि चार शेळ्या आहेत, त्याला दुसरा पाला विकत घेणे परवडत नाही.

म्हणून चाऱ्याचे नवे वाण आले, की ते किती वाढते हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, बी किती झाडांवरून गोळा केले? ‘सु’ लावण्यापूर्वी त्या वाणाने निदान एक दुष्काळ आणि एक कीड पाहिलेली असावी.