बैठकीसकट शिल्प

इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकात पॅरिसच्या एका शिल्पकाराकडून तीन पक्षी घेतले. एक ब्राँझचा, एक पांढऱ्या संगमरवराचा, एक काळ्या. पंख नाहीत, पिसं नाहीत. खाली निमुळता पाय, मध्ये भरत जाणारं अंग आणि वर तिरकं छाटलेलं टोक. त्यांच्यासाठी इंदुरात एक मंदिर बांधायचं घाटत होतं. १९३८च्या सुरुवातीला शिल्पकार स्वतः तिथे येऊन गेला. मंदिर झालं नाही. ब्राँझचा पक्षी आता कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनात आहे, संगमरवरी जोडी ऑस्ट्रेलियात कॅनबेराला. कॉन्स्टँटिन ब्रांकुशीकडे आपण या न झालेल्या देवळातून बघावं असं मला वाटतं. शिल्प उभं कुठे राहतं, हा त्याचा जन्मभराचा प्रश्न तिथे उघडा पडतो.

ब्रांकुशी १८७६ साली रुमानियातल्या होबित्सा या खेड्यात जन्मला. लाकूडकामाचा हात लहानपणीच बसलेला. क्रायोवाची कारागिरीची शाळा, मग बुखारेस्टची कलाशाळा, आणि १९०४ साली पॅरिस. तेही बरीचशी वाट पायी तुडवत, असं सांगतात. १९०७ साली शिल्पकार रोदँच्या कार्यशाळेत काम मिळालं आणि थोड्याच आठवड्यांत त्याने ते सोडलं. शिल्पकाराने मातीत घडवायचं आणि दगडात मदतनिसांनी उतरवायचं, ही तेव्हाची रीत. ब्रांकुशीने छिन्नी स्वतःच्या हातात घेतली. पुढे समीक्षकांनी त्याचा ‘खेडवळ ऋषी’ करून टाकला. हे कौतुक मला खटकतं. ते त्याच्या दाढीबद्दल बोलतं, हातांबद्दल बोलत नाही.

ते हात बघायचे तर शिल्पाखाली बघावं. गुळगुळीत पितळी झळाळीच्या खाली चुनखडीचा ठोकळा, त्याखाली करवतीच्या खुणा तशाच ठेवलेलं ओकचं लाकूड. या बैठका तो स्वतः घडवायचा आणि शिल्पाइतक्याच जीव लावून. आपल्याकडे चौथऱ्याची उंची ठरते, मग त्यावर पुतळा चढतो. दोघांच्या मापांचा एकमेकांशी संबंध लावायला कोणाला वेळ आहे?

माणसाला मुलूख बदलता येतो, वस्तूला मात्र सीमेवर ओळख द्यावी लागते. १९२६ साली ब्रांकुशीचा असाच एक पक्षी न्यूयॉर्कला उतरला, तेव्हा कलाकृतीची करमाफी नाकारून जकातवाल्यांनी त्यावर स्वयंपाकघरातली आणि इस्पितळातली भांडी या सदराखाली चाळीस टक्के कर लावला. खटला झाला आणि १९२८ साली न्यायालयाने तो पक्षी शिल्पच असल्याचा निकाल दिला.

एकदा मात्र त्याला हवी तशी जागा मिळाली, आणि ती मायदेशातच. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी टर्गू जिउ गावात १९३८ साली त्याचं काम पुरं झालं. नदीकाठी दगडी गोल मेज, भोवती बारा बैठी आसनं. पुढे बागेतलं दगडी दार. तिथून सरळ रस्ता गावातून थेट पलीकडच्या माळावर जातो. तिथे बिडाचा ‘अनंत स्तंभ’ आहे, सुमारे २९ मीटर उंच. एकसारखे मणी एकावर एक चढवल्यासारखे, प्रत्येक १८० सेंटिमीटर उंच आणि मध्ये ९० सेंटिमीटर रुंद. वर शेवटी अर्धाच मणी, म्हणून नजर टोकाला अडत नाही. त्या भागातल्या घरांच्या ओसरीवर असेच नागमोडी कोरलेले लाकडी खांब असतात. खांबाने छप्पर पेलायचं. इथे छपराच्या जागी आभाळ आहे. हे मला त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं, कारण ते गावापासून वेगळं काढताच येत नाही. कम्युनिस्ट राजवटीत स्तंभ पाडायचाही प्रयत्न झाला. २०२४ साली युनेस्कोने हे सगळं जागतिक वारशात घेतलं.

बाकीच्या कामांना बाजार खेचतो. पॅरिसच्या माँपार्नास दफनभूमीत एका तरुणीच्या कबरीवर त्याचं ‘चुंबन’ आहे. तिच्या वारसांना ते काढून न्यायचं होतं. वाद चालू असताना शिल्प लाकडी खोक्यात झाकलं गेलं. कबर आणि शिल्प मिळून एकच स्मारक आहे, असा निर्णय फ्रान्समध्ये २०२१ साली झाला. ब्रांकुशी हे आयुष्यभर हातांनी सांगत आला होता.

१९५२ साली तो फ्रेंच नागरिक झाला आणि १९५७ साली वारला. आपला स्टुडिओ त्याने फ्रेंच सरकारला दिला. अट एकच घातली: खोली जशी आहे तशी पुन्हा उभी करायची, भिंतीवरच्या अवजारांसकट. त्या खोलीतलं एखादं शिल्प विकलं गेलं की तो त्या जागी त्याचीच प्लास्टरची प्रत ठेवत असे.